डावीकडचं मागचं चाक

१

वाळूत गाडी घालायची म्हणजे आधी चाकांतली हवा सोडायची, हे अनिमेषला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. दर रविवारी सकाळी हा गृहस्थ रायपूरहून आपली छोटी एसयूव्ही काढायचा, अभनपूरच्या रस्त्याला लागायचा आणि राजिमच्या अलीकडे महानदीच्या पात्रात उतरायचा. उन्हाळ्यात महानदी ही नदी कमी आणि मैदान जास्त. पाण्याची बारीक धार लांब, पलीकडच्या काठाला धरून, आणि मधे नुसती वाळू. काठावर उकिडवं बसून चारी चाकांची हवा निम्म्यावर आणायची, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. मग एका लयीत गाडी सोडायची. मधे ब्रेक मारायचा नाही, आणि फसलोच तर चाकं गरगर फिरवून खड्डा करायचा नाही, ज्या चाकोरीतून आलो त्याच चाकोरीतून हळूच मागे यायचं. एवढं जमलं की स्वारी आठवडाभर खुशीत असायची. पंडरीतल्या ऑफिसात तो इंजिनिअर होता, पण तिथे त्याला असं कधी वाटलं नव्हतं.

त्याचे वडील शालिग्रामराव रेल्वेत गार्ड होते. जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेला माणूस मुलाच्या गाडीत तरी पुढे कशाला बसेल? मागची डावीकडची जागा त्यांची, ठरलेली. विनोदिनीबाई त्यांच्या उजव्या हाताला, अनिमेषच्या पाठीशी. "हळू घे बाबू. काहून एवढी घाई करून राहिला?" हे वाक्य घरापासून घरापर्यंत चालायचं. बायकोला सोबत घेतल्याशिवाय ते कुठे गेले नाहीत, आणि त्यांना विचारल्याशिवाय विनोदिनीबाई शेजारच्या घरीही गेल्या नाहीत. लोक याला प्रेम म्हणायचे. अनिमेषला लहानपणापासून ते थोडं जड वाटत आलं होतं, पण बोलून दाखवायची त्याची छाती नव्हती.

चैत्रात शालिग्रामराव दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. अस्थी राजिमला सोडायच्या ठरल्या. धारेपर्यंत सगळे लोक वाळूतून अनवाणी चालत जातात. पण विनोदिनीबाईंचे गुडघे कामातून गेलेले, त्यांना कोण चालवणार?

"मी गाडी थेट पाण्यापर्यंत नेतो," अनिमेष म्हणाला.

अच्युत गुरुजींच्या कपाळाला आठी पडली. "पात्रात गाडी? अशा कामाला?"

"माझं नेहमीचं आहे गुरुजी." आवाजात नको तेवढा रुबाब आलाच.

गुरुजी पुढे चालत निघाले. मागून गाडी. पुढे अनिमेष आणि त्याची बायको मंजिरी, मागे उजवीकडे विनोदिनीबाई, आणि डावीकडच्या जागेवर पांढऱ्या फडक्यात बांधलेला कलश. तो कलंडू नये म्हणून विनोदिनीबाईंनी त्याच्यावर हात ठेवला होता.

२

विधी लवकर आटोपला. धारेत पाणी घोट्याएवढंच होतं, पण वाहतं होतं. गुरुजींनी हात धुतले आणि बजावलं, "आता निघायचं. काठाला लागेपर्यंत कोणी मागे वळून पाहायचं नाही."

"हव, माहीत आहे मले," विनोदिनीबाई म्हणाल्या आणि पदर पुढे ओढून गाडीत बसल्या.

अर्ध्या वाटेवर गाडी फसली. ज्या वाटेने जाताना ती पाण्यावरून गेल्यासारखी गेली होती, तिथेच पुढची चाकं रुतून बसली. आता तर कलशाचंही वजन नव्हतं. अनिमेषचे कान तापले. गुरुजी मागून चालत येत असणार, आणि ते काय म्हणणार हे त्याला आधीच ऐकू येत होतं. त्याने गिअर मागे टाकला. मागचं दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर ओली वाळू बसली होती. पडद्यावर काहीच दिसेना.

"अनिमेष, थांब ना," मंजिरी दबक्या आवाजात म्हणाली. "माणसं बोलवू काठावरून. ढकलतील."

"ढकलायला कशाला माणसं पाहिजेत?" तो म्हणाला. हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकून, सगळं अंग वळवून, तो मागे पाहू लागला, दर रविवारी पाहायचा तसा. मागच्या काचेतून वाळू दिसली, त्यांची चाकोरी दिसली, धार दिसली. गुरुजी बाजूच्या वाटेने काठाकडे लागले होते. बाकी कोणी नव्हतं. विनोदिनीबाई पदराआडून समोर बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

गाडी मागे आली, मग वळसा घेऊन पुढे निघाली, आणि काठाला लागली.

हवा भरायला तो उतरला तेव्हा मंजिरी वाळूकडे बघत उभी होती. "हे पाहा," ती म्हणाली.

आता पडलेल्या चाकोरीत उजवीकडची रेघ नेहमीसारखी उथळ होती. डावीकडची, मागच्या चाकाने पाडलेली, वीतभर खोल गेली होती.

"वाळू सगळीकडे सारखी नसते," अनिमेष म्हणाला. हे खरंही होतं. पण ती खोल रेघ जिथे गाडी वळली तिथे वळली होती, आणि जिथे सरळ गेली तिथे सरळ, अगदी काठापर्यंत.

३

घरी आल्यावर गाडी पार्किंगमध्ये डावीकडे कलून उभी राहिली. फार नाही, पण ज्याला ठाऊक त्याच्या डोळ्यांत खुपेल एवढी. चाक आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्यामध्ये अनिमेषने हात घालून पाहिला. उजवीकडे हाताची मूठ आरामात जात होती. डावीकडे पंजा आडवा करावा लागला.

तो गुढियारीत नत्थूच्या टायरच्या दुकानात गेला. नत्थूने हवा तपासली, जॅक लावला, स्प्रिंग ठोकून पाहिली, आणि हात पुसत म्हणाला, "हवा बरोबर हे भैया. स्प्रिंग भी बढ़िया. पहले सामान उतार लो, फिर देखता हूँ."

"कौन सा सामान?"

नत्थूने मागचं दार उघडून आत पाहिलं, दार लावलं आणि पुन्हा एकदा कमानीकडे पाहिलं. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

अनिमेष हार मानणारा नव्हता. त्याने स्प्रिंगा बदलून घेतल्या, नव्या, मजबूत. गाडी जॅकवरून खाली आली आणि एक क्षण सरळ उभी राहिली. त्याने सुटकेचा श्वास घेतला. मग आतून कोणीतरी सावकाश टेकून बसल्यासारखी ती डावीकडे खाली आली. धातूचा बारीक आवाज झाला. गॅरेजमधली माणसं चहा पीत होती, कोणी मान वर केली नाही.

मनाशी तो कारणं मांडत राहिला. गाडीचा सांगाडाच वाकला असेल. वाळू कुठे सांध्यात गेली असेल. कारण सापडलं की त्याला तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा जिना उतरून तो कमानीत हात घालून यायचा. जेवताना उठायचा. ऑफिसात मन लागेना. मंजिरी म्हणाली, "तुझ्या पायाला भिंगरी लागली आहे. विकून टाक ना ती गाडी."

"बिघाड कळल्याशिवाय कशी विकू?"

काही दिवसांनी पंजाही आत जाईना. बोटंच जेमतेम गेली.

४

त्याच सुमारास विनोदिनीबाईंना गाडीत बसायची सवय लागली.

पहिल्या वेळी मंजिरीला वाटलं, सासूबाई खाली हवा खायला गेल्या. दुपारचं ऊन रणरणत होतं आणि पार्किंगमध्ये त्या मागच्या उजव्या सीटवर, काचा बंद करून बसल्या होत्या. चेहऱ्यावर घामाचा थेंब नव्हता. मंजिरीने दार उघडलं तर आतून नदीकाठच्या सकाळसारखा गारवा आला. तो तिच्या पायांवरून गेला, आणि ती चटकन मागे सरली.

"आई, इथे काहून बसल्या तुम्ही?"

"बसली जराशी. घरात कोणी बोलत नाही माझ्याशी."

त्यानंतर रोज दुपारी. किल्ली लपवली तरी त्या बसलेल्या असायच्या, आणि त्या जिना कशा उतरल्या, गाडी कोणी उघडली, हे कळत नव्हतं. एकदा अनिमेषने ऑफिसातून लवकर येऊन जिन्याच्या खिडकीतून पाहिलं. आई पदर नीट करून बसली होती. मान डावीकडे किंचित झुकवलेली. ती काही बोलत नव्हती. मधूनच हुंकार दिल्यासारखी मान हलवायची. लहानपणापासून तो हाच हुंकार बघत मोठा झाला होता.

वजन तिचंच कमी होत होतं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. जेवायची व्यवस्थित, डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं, तरी तिला पलंगावरून उठवताना अनिमेषला दर खेपेला जोर कमी लावावा लागे. आणि खाली गाडी दर खेपेला जास्त टेकलेली.

एका संध्याकाळी तो तिच्या पायाशी बसला. "आई, तू नको जाऊ तिथे. मले भीती वाटते." इतकं सरळ तो आईशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. हाताचं वजन जाणवलंच नाही.

"तुले काय सांगू बाबू. ते म्हणून राहिले, नदीचं पाणी आटून चाललं. मग जाता येणार नाही. मले घेतल्याशिवाय जात नाहीत ते. तुले तर माहीतच आहे त्यांचा स्वभाव."

"तुले जायचं आहे का?"

बहुधा हा प्रश्न विनोदिनीबाईंना आयुष्यात कोणी विचारला नव्हता.

"मले आंब्याचं लोणचं घालायचं होतं यंदा," त्या म्हणाल्या.

५

अच्युत गुरुजींना फोन लावताना त्याने आवाज शक्य तितका साधा ठेवला. आईची तब्येत बरी नाही, त्या दिवसाचं काही राहून गेलं का, एवढंच विचारलं.

गुरुजींनी उलट विचारलं, "परत येताना कोणी मागे पाहिलं होतं का?"

सांगितलं असतं तर काय झालं असतं? पण फसलेली गाडी, ते तापलेले कान, तो रुबाब, सगळं एकदम त्याच्यापुढे उभं राहिलं. "नाही," तो म्हणाला.

"मग काही नाही. आईंना जपा," गुरुजी म्हणाले आणि फोन ठेवला.

आता उपाय त्यालाच शोधायचा होता, आणि इंजिनिअर माणसाने तो इंजिनिअरसारखाच शोधला. चूक जिथे झाली तिथे जायचं आणि तेच काम पुन्हा, या वेळी नीट करायचं. धारेपर्यंत गाडी न्यायची. डावीकडचं मागचं दार उघडायचं. जे उतरायचं ते उतरू द्यायचं. दार लावायचं आणि काठाला लागेपर्यंत मागे पाहायचं नाही. गाडी फसली तर फसली, गावातून माणसं बोलवायची. मंजिरीला सांगितलं असतं तर तिने जाऊ दिलं नसतं, म्हणून ती कामावर गेल्यावर तो खाली उतरला.

गाडीत आई बसलेली होती.

"आई, उतर. मी एकटा जाऊन येतो."

"मी बी येते," त्या म्हणाल्या. गुडघ्यावर हात, नजर समोर. त्याने त्यांना उचलायला हात घातला. जी बाई पलंगावरून पिसासारखी उचलली जात होती, ती त्या सीटवरून तसूभर हलेना. त्याने जोर लावला तसा त्यांच्या दंडावर वळ उठला. तो ओशाळून मागे झाला.

आपल्या डोळ्यांसमोर तरी राहील, असं म्हणून त्याने गाडी सुरू केली. अभनपूर येईपर्यंत मागच्या डाव्या चाकाला पत्रा घासायला लागला होता. त्या आवाजात त्याने आईला दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा तिने "हव" म्हटलं.

६

काठावर त्याने हवा सोडली. मग गाडी वाळूत घातली.

ती नांगरासारखी चालली. डावीकडे मागे वाळूचा ढीग साठत होता, इंजिन रडत होतं, आणि वासही जळका यायला लागला. कितीदा वाटलं, बसली, आता बसली. पण बसली नाही. वाळूवर दुसरी एकही चाकोरी नव्हती. टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. धार त्या दिवसापेक्षाही बारीक झाली होती.

त्याने गाडी वळवून काठाकडे तोंड करून उभी केली. आतला आरसा छताकडे फिरवला, बाहेरचे दोन्ही मिटवले. "आई, आता मागे पाहू नको. मी बी पाहत नाही. काठ येईपर्यंत एकदाही नाही. कळलं?"

"हव बाबू."

तो उतरला, पाठ नदीकडे ठेवत डाव्या बाजूला गेला, हात मागे करून चाचपत मागचं दार उघडलं, आणि काठावरच्या पळसांकडे तोंड करून उभा राहिला.

वारा होता. वाळूचे कण पोटरीला टोचत होते. बराच वेळ काहीही झालं नाही, आणि त्या वेळात त्याला स्वतःचं हसूही आलं. बाप उतरायची वाट पाहत दार धरून उभा असलेला ड्रायव्हर. मग गाडीच्या स्प्रिंगा करकरल्या. त्याच्या हातातलं दार वर गेलं. चांगलं मूठभर वर. गाडी सरळ झाली.

अनिमेषच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्याने हात मागेच ठेवून दार ढकललं. दार लागल्याचा आवाज त्याला दोनदा आल्यासारखा वाटला. वारा असेल. तो तसाच, वळून न बघता, जाऊन स्टिअरिंगवर बसला.

गाडी काय सुटली! इतक्या रविवारांत ती अशी कधी पळाली नव्हती. वाळूला नुसती शिवून जात होती. तो मोठमोठ्याने बोलत होता. "आई, आजच कैऱ्या घेऊ गोल बाजारातून. मंजिरीला सांगू, रजा घे म्हणून. यंदा दोन बरण्या घालू." आई काही बोलत नव्हती. चाळीस वर्षांचा संसार आज खरा संपला, रडत असेल, रडू द्यावं, असं त्याने मनाशी म्हटलं आणि अंगात त्राण आल्यागत गाडी दामटली.

७

काठाच्या कडक जमिनीवर तो थांबला. हवा भरायचा पंप घेऊन उतरला. आधी डाव्या मागच्या चाकाकडे गेला. कमानीत मूठ घातली. आरामात गेली, वर जागा उरली. तो हसला. मग उजवीकडे गेला.

उजवीकडेही मूठ गेली, वर तेवढीच जागा.

तो जरा वेळ तसाच वाकून राहिला. मागे कोणी बसलेलं असताना एवढी जागा कधी राहत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आई हलकी झाली आहे, त्याने स्वतःला सांगितलं. पार काही उरलं नाही बिचारीत. खिचडी, तूप, सगळं करू.

त्याने उजवीकडचं मागचं दार उघडलं. सीट रिकामी होती. खाली रबरी चटईवर विनोदिनीबाईंच्या चपला एकमेकींना लावून नीट काढून ठेवल्या होत्या.

काठ आलाच होता. आता पाहायला हरकत नव्हती. नाहीतरी नियमाचा विचार करायला त्याला वेळ होता कुठे? तो वळला.

लांब, धारेच्या कडेला, आई उभी होती. ताठ. ज्या गुडघ्यांनी तिला जिना चढवत नव्हता त्यांच्यावर ती सहज उभी होती, आणि तिचा डावा हात कोपरात दुमडलेला होता, कोणीतरी तो धरला असावा तसा. तिचं तोंड पाण्याकडे होतं.

"आई!"

तो वाळूत धावत सुटला. पाय रुतत होते. "आई, थांब! लोणचं घालायचं आहे ना तुले! आई!" ती चालू लागली होती. घोट्याएवढ्या पाण्यात ती गेली आणि पाणी तिच्या घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना, मग कमरेला. त्याने आयुष्यात मारली नव्हती अशी हाक मारली. ती तिला ऐकू गेली असणार, कारण तिची मान क्षणभर थांबली. पण तिला नियम पक्का ठाऊक होता. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मग धारेवर नुसतं ऊन होतं.

काठ सोडून अनिमेष पुन्हा पात्रात आला होता, आणि धारेकडे पाहत मधोमध उभा होता. छाती फुटेस्तोवर धापा टाकत होता, आणि त्या धापांमधून त्याला मागे काठावर गाडीची दारं लागल्याचा आवाज आला. सावकाश, एकामागून एक. स्प्रिंगा करकरल्या. तो वळला तेव्हा आधी डावी बाजू खाली आली. थोड्या वेळाने उजवी.

"चल बाबू," गाडीतून आईने हाक मारली. "ते केव्हाचे बसून राहिले."